बॉयलर गेला, बंब आला

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार. नरक चतुर्दशीची पहाट. बर्मिंगहॅमच्या आमच्या घरात सासूबाई माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या डोक्यावर तेल थापत होत्या, उटण्याची वाटी भिजवून तयार होती, आणि मी न्हाणीघरात नळाखाली हात धरून उभी होते. पाणी काही गरम होईना. खाली जाऊन बघते तर बॉयलरवर लाल दिवा आणि कसला तरी कोड. रविवारी पहाटे कोण येणार? शेवटी विजेच्या किटलीच्या चार फेऱ्या आणि एक मोठा कुकर एवढ्या पाण्यात तिघांनी अभ्यंगस्नान उरकलं. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "कारिट फुटायच्या आधी तुमचा बॉयलरच फुटला की गं."

सोमवारी गॅसवाला आला. बॉयलर एकोणीस वर्षांचा, आतला हीट एक्स्चेंजर गळायला लागलेला. "तात्पुरता चालू करून देतो, हा हिवाळा काढेल, पुढचा नाही," म्हणाला. नव्या बॉयलरचा आकडा त्यानं सांगितला २,६०० पौंड. मी हो म्हणणारच होते. पण समीरनं कुठंतरी वाचलं होतं, की वीसच दिवसांपूर्वी, २३ ऑक्टोबरला, सरकारनं हीट पंपाचं अनुदान ५,००० पौंडांवरून ७,५०० केलंय. झालं! आमच्या घरात कुठल्याही गोष्टीवर सूट आहे म्हटलं की ती गोष्ट आधी आवडते आणि मग कळते.

तेव्हा कळून घ्यायला बसलो. आईंना समजावताना मलाच ते नीट समजलं. फ्रिजच्या मागची जाळी गरम लागते ना? फ्रिज आतल्या दुधाभाज्यांची उष्णता ओढून मागून स्वयंपाकघरात सोडतो. हा पंप अंगणातल्या हवेची उष्णता ओढून घरात सोडणार. आईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "अंगणात कुठली उष्णता? तीन डिग्री आहे बाहेर." प्रश्न रास्त होता. उत्तर आतल्या वायूत आहे. आम्ही घेतलेल्या यंत्रात प्रोपेन आहे, म्हणजे आर-२९०. तो उणे ४२ अंशांनाच उकळतो. त्याच्या हिशेबानं आपली तीन डिग्रीची हवा म्हणजे तापलेला तवा. ती लागली की त्याची वाफ होते, मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं तशी ती दाबल्यावर तापते, आणि ती ऊब पाण्याला देऊन पुन्हा थंड होते. वीज फक्त हे ओढायला आणि दाबायला लागते, म्हणून एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते. यात नवं असं फार काही नाही. लॉर्ड केल्व्हिननं ही कल्पना १८५२ मध्ये मांडली होती, आणि इंग्लंडातल्याच नॉरिच शहरात १९४५ मध्ये नदीच्या पाण्यातून उष्णता काढून एक इमारत गरम केली होती. पुढं इथं स्वस्त गॅस आला आणि सगळे विसरले.

तीन जणांकडून भाव मागवले. एकानं घर न बघताच फोनवर सांगितलं, "सेमी-डिटॅच्ड (जोडघर) ना? बारा किलोवॅट लागेल." त्याला तिथंच नमस्कार केला. दुसऱ्याकडचा माणूस जानेवारीत लेझरची टेप घेऊन आला आणि तीन तास घरभर फिरला. प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, रेडिएटरची लांबी-उंची-जाडी, माळ्यावरचं काचलोकरीचं अस्तर, सगळं लिहून घेतलं. बैठकीत २१ अंश, न्हाणीघरात २२, झोपायच्या खोल्यांत १८ धरतात. आईंच्या खोलीला पण २१ धरा, असं मी सांगितलं. बाहेर उणे तीन असताना हे घर किती उष्णता गमावतं, हा सगळ्याचा पाया. आमचं उत्तर आलं ६.४ किलोवॅट.

मला ते खरंच वाटेना. कारण जुना बॉयलर २८ किलोवॅटचा होता! त्यानं समजावलं, की तो अठ्ठावीस घरासाठी नव्हताच. आमचा बॉयलर कॉम्बी होता. नळ सोडला की तिथल्या तिथं वाहतं पाणी तापवायला एवढा जोर लागतो. घर तापवायला त्याचा चौथा हिस्सा पुरे. इतकी वर्षं चौघांच्या आमटीसाठी आम्ही लग्नातलं पातेलं चढवत होतो तर.

पण त्याची दुसरी बाजू रेडिएटरना भोगावी लागते. बॉयलर सत्तर-पंचाहत्तर अंशांचं पाणी फिरवायचा. हीट पंप पंचेचाळीसच्या आसपास असला तरच काटकसरीनं चालतो. पाणी जितकं कडक मागाल तितकी वीज जास्त खातो. आणि पाणी पंचेचाळीसचं केलं की तोच रेडिएटर जेमतेम एक तृतीयांश उष्णता देतो. म्हणून नऊपैकी सहा रेडिएटर बदलून दुहेरी, जाडजूड घ्यायचे ठरले. "म्हणजे भिंतीला सोफा लावणार," असं मी म्हटलं होतं, आणि अगदी तसंच दिसतं.

अनुदानाचा अर्ज आपण करायचा नसतो. यंत्र बसवणारा 'एमसीएस' या इथल्या प्रमाणपत्र योजनेत नोंदलेला असावा लागतो, तोच ऑफजेमकडे, म्हणजे इथल्या ऊर्जा नियामकाकडे, अर्ज करतो, मग आपल्याला मेल येतो, त्यावर फक्त होकार द्यायचा. ७,५०० बिलातूनच वजा होतात आणि व्हॅट शून्य. इतकं सरळ असेल असं वाटलं नव्हतं, आणि नव्हतंच. घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रावर 'माळ्याचं अस्तर वाढवा' अशी शिफारस होती, आणि ती शिल्लक असेपर्यंत अनुदान नाही, असा तेव्हाचा नियम. एका शनिवारी आम्ही दोघांनी स्वतः माळ्यावर चढून अस्तर शंभर मिलिमीटरवरून २७० वर नेलं. त्या काचलोकरीनं दोन दिवस खाजकुयली लागल्यासारखं झालं. नवं प्रमाणपत्र घेतलं. मे महिन्यात सरकारनं तो नियमच काढून टाकला. माळा मात्र आता खरंच ऊब धरतो, त्यामुळे तक्रार अर्धीच.

फेब्रुवारीच्या मध्याला अनुदानाचं व्हाउचर आलं. त्याची मुदत तीन महिने. आणि मग आली लूप.

ही लूप आमच्या आयुष्यात येईपर्यंत मला शब्दही माहीत नव्हता. १९३०च्या दशकातल्या या जोडघरांत बऱ्याच ठिकाणी रस्त्यावरून एकच विजेची केबल येते, पहिल्या घराच्या मीटरपाशी, आणि तिथूनच ती पुढं शेजारच्या घरात जाते. त्या काळी दोन दिवे आणि एक इस्त्री असायची, चालून गेलं. आता हीट पंप बसवायचा तर वीजवितरण कंपनीला कळवावं लागतं, आणि त्यांनी फोटो पाहून सांगितलं की आधी लूप तोडून दोन्ही घरांना वेगळी केबल द्यावी लागेल. पैसे नाहीत, पण वेळ लागेल. किती? सांगता येत नाही. आमची वीज शेजारच्या आजोबांच्या मीटरपासून येत होती, म्हणजे खणायचं त्यांच्या अंगणात, त्यांच्या सहीनं.

आजोबा ऐंशीच्या घरातले, एकटे, गुलाबांचे वेडे. मी चिवड्याचा डबा घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खड्डा नेमका कुठून?" नकाशा दाखवला. केबल बरोबर त्यांच्या सर्वांत जुन्या गुलाबाखालून जात होती. दोन दिवस त्यांचं उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते तर आजोबा गुडघ्यांखाली उशी घेऊन तो गुलाब मुळांसकट उकरून मोठ्या कुंडीत लावतायत. सही दाराखालून सरकवलेली होती. त्यानंतरही वितरण कंपनीच्या तारखा दोनदा पुढं गेल्या. एकदा तर माणसं आली, रस्ता खणायचा परवाना आणायला विसरले म्हणून चहा पिऊन गेली. व्हाउचर संपायला तीन आठवडे उरले असताना केबल पडली. गुलाब अजून कुंडीतच आहे, पण फुललाय.

बाहेरचं यंत्र कुठं ठेवायचं याचेही नियम. शेजाऱ्याच्या खिडकीपाशी आवाज तेव्हा ४२ डेसिबलच्या आत लागायचा, आणि हद्दीपासून एक मीटर अंतर सक्तीचं होतं. आमची बाजूची बोळ सव्वा मीटरची; तिथं शक्यच नाही. म्हणून ते मागच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या दारालगत आलं, पाइप लांबले, खर्च वाढला. मे २०२५ मध्ये तो एक मीटरचा नियमही उठला. समीर म्हणतो, सरकार आमच्यावर पाळत ठेवून आहे.

एप्रिलच्या शेवटी पाच दिवस काम चाललं. पहिल्याच दिवशी कारागिरानं बैठकीतली फळी उचलली आणि मला हाक मारली. फळीखाली करंगळीपेक्षा बारीक, दहा मिलिमीटरचे तांब्याचे पाइप. कोमट पाण्यातून तेवढीच ऊब हवी तर पाणी जास्त फिरायला हवं, आणि ते या नळ्यांतून जाणार नाही. सर्व्हेच्या वेळी हे दिसलं कसं नाही, यावर थोडी वादावादी झाली. शेवटी सहाशे पौंड जादा. सगळं मिळून १४,५०० झाले. अनुदान वजा जाऊन आम्ही ७,००० भरले. बॉयलरच्या अडीचपटीहून जास्त. हे मी कुणी विचारलं की आधीच सांगून टाकते, कारण 'फुकटात मिळतं' असं समजणारे बरेच आहेत.

पाण्याची टाकी हा आणखी एक प्रकार. कॉम्बीला टाकी नसते. हीट पंपाला असावीच लागते, कारण तो सावकाश तापवतो. दोनशे लिटर. वरच्या मजल्यावरचं कपाट तिच्यासाठी रिकामं करावं लागलं: आईंच्या लोणच्याच्या बरण्या, गणपतीचं मखर, न नेसलेल्या साड्या. भरल्यावर सव्वादोनशे-अडीचशे किलो होणार म्हणून खालची तुळई तपासली. मखर आता समीरच्या ऑफिसच्या टेबलाखाली राहतं.

आई एप्रिलमध्ये परत गेल्या होत्या. दिवाळीला पुन्हा आल्या. मागच्या दारी उभं राहून त्यांनी यंत्राचा पंखा फिरताना पाहिला. "हा पंखा बाहेर कशाला लावलाय? इथं वारा कमी आहे का?" मग मी वर नेऊन टाकी दाखवली, जाड कवचाची, पोटाला हात लावला तर थंडगार आणि आत पाणी पन्नासला. आईंनी तिच्याकडं खालवर पाहिलं आणि निकाल दिला, "म्हणजे बंबच की. राख तेवढी काढायला नको." तेव्हापासून आमच्या घरात सगळ्या यंत्रणेलाच बंब म्हणतात. मीही इंजिनिअरशी फोनवर बोलताना एकदा बंब म्हणून गेले.

त्या वर्षीच्या अभ्यंगस्नानाला पाणी होतं. पहिल्या दोघांना. तिसरी मी. कॉम्बीचं पाणी संपत नाही, बंबातलं संपतं, ही बालपणी ठाऊक असलेली गोष्ट पार विसरले होते. आदल्या रात्री सगळ्यांनी केस धुतले होते आणि पुन्हा तापवायची वेळ दुपारी एकची लावलेली. आता सणाच्या आदल्या रात्री मी ती पहाटे तीनची करते. आठवड्यातून एकदा टाकी स्वतःच साठ अंशांपर्यंत तापते, पाण्यात लिजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून.

आणि मग पहिला हिवाळा. नोव्हेंबरचं बिल बघून समीर दोन मिनिटं काहीच बोलला नाही. घर मात्र गार. आई शाल, स्वेटर, वर कानटोपी. रेडिएटरला हात लावला की कोमट, आणि कोमट म्हणजे बिघडलाय असंच वाटायचं. चूक आमची होती, आणि थोडी लावून गेलेल्यांची. आम्ही त्याला बॉयलरसारखं वापरत होतो: सकाळी एक तास, संध्याकाळी तीन तास, बाकी बंद. बॉयलर म्हणजे कागद-काटक्यांचा भडका, पंधरा मिनिटांत खोली तापते. हीट पंप म्हणजे शेणीच्या आचेवर ठेवलेलं दूध. बंद करून थंड पडलेलं घर त्याला पुन्हा वर आणायला सहा तास लागतात, आणि त्या घाईत तो सगळ्यात महाग चालतो. शिवाय बसवणाऱ्यांनी पाण्याचं तापमान सरसकट ५५ वर ठेवून दिलं होतं. त्या महिन्याचा हिशेब काढला तर एका युनिट विजेला २.६ युनिट उष्णता.

डिसेंबरात समीरनं दोन गोष्टी केल्या. वेळापत्रक काढून टाकलं, दिवसरात्र चालू. आणि पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेला बांधलं: बाहेर उणे तीन असेल तर ४५, बाहेर बारा असेल तर ३०, मधलं आपोआप. याला 'वेदर कॉम्पेन्सेशन' म्हणतात. ते यंत्रात पहिल्यापासून होतं, कुणी चालू केलं नव्हतं. रोज एखादा अंश खाली, मग दोन दिवस थांबायचं, आईंना विचारायचं. आमचा थर्मामीटर म्हणजे आई. त्या कानटोपी काढून बसल्या की समीर तो आकडा वहीत लिहायचा. जानेवारीपासून ३.४, मार्चमध्ये ३.९. खोल्यांच्या थर्मोस्टॅटना आम्ही आता हातच लावत नाही. ही सवय सोडायला मला सगळ्यात जड गेलं. बाहेरून आल्यावर रेडिएटरला पाठ टेकवून उभं राहायचं ते सुख गेलं. त्याऐवजी घरात कुठंच थंडी नाही, जिन्यातही नाही, पहाटे उठल्यावर फरशीलाही नाही.

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडला. आईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं पेटलं! धूर येतोय!" मागच्या दारी पांढरा ढग. यंत्र स्वतःवरचं हिव वितळवत होतं. दमट आणि शून्याच्या आसपासच्या हवेत त्याच्या जाळीवर हिव साचतं, मग पाचेक मिनिटं ते उलटं चालतं, घरातलीच थोडी उष्णता घेऊन जाळी धुऊन काढतं. ती वाफ. घाबरण्यासारखं वाफेत काही नव्हतं. तिच्या पाण्यात होतं. ते पाणी खडीच्या शोषखड्ड्यात जायला हवं होतं, पण नळी वीतभर तोकडी पडलेली. पाणी पायवाटेवर आलं, रात्री काच झालं, आणि सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन निघालेला समीर दाराबाहेर पहिल्याच पावलाला बसला. हाड वाचलं. दोन मेल आणि तीन फोननंतर नळी लांब झाली.

आता पैशांचं. आधी आम्ही वर्षाला साडेतेरा हजार युनिट गॅस जाळायचो, सव्वासहा पेन्सनं साधारण ८४५ पौंड. पंपानं पहिल्या पूर्ण वर्षात ३,२०० युनिट वीज घेतली. ती साध्या पंचवीस पेन्सनं धरली तर ८००. म्हणजे एवढं सगळं करून वाचले किती, तर पंचेचाळीस पौंड. इथं वीज गॅसच्या चौपट महाग आहे, हीच सगळी गोम. यंत्र साडेतीनपट देतं, दर चारपट घेतो. नंतर आम्ही पहाटे आणि दुपारी स्वस्त असणारा दर घेतला, त्या तासांत घर आणि टाकी थोडी जास्त तापवून ठेवतो, तेव्हा सहाशेच्या आसपास आलं. पैसे वाचतील म्हणून बसवायचा असेल तर वही-पेन्सिल घेऊन बसा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

उन्हाळ्यात थंडही करतो का, हे सगळे विचारतात. १९ जुलै २०२२ ला या देशात ४०.३ अंश झालं होतं, आमच्या वरच्या खोलीत त्या रात्री कुणी झोपलं नाही, म्हणून मीही विचारलं होतं. यंत्र उलटं चालू शकतं, पण रेडिएटरमधून गार पाणी सोडलं तर त्याला माठासारखा पाझर सुटेल आणि गालिचा भिजेल. त्याला पंखेवाले वेगळे युनिट लागतात. ते राहिलंय. सांगलीत आईंच्या खोलीतला एसी मुळात हेच यंत्र आहे, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग तिथला बरा की, पाच दिवस फळ्या नाही उचलल्या त्यानं."

गॅसचं मीटर अजून भिंतीवर आहे. घर त्यावर नाही, पाणी त्यावर नाही, फक्त एक शेगडी. तिच्यासाठी रोज नुसता स्थिर आकार, वर्षाला शंभरावर पौंड. समीर दर महिन्याला म्हणतो, काढून टाकू, इंडक्शन घेऊ. इंडक्शनवर मी भाकरी करून बघितली. तव्यावर होते, पण उलटून जाळावर टाकायची वेळ आली की हात तसाच हवेत राहतो. आई पुढच्या महिन्यात येतायत, येताना सांगलीहून जोंधळ्याचं पीठ आणणार आहेत. मीटर काढायची तारीख मी त्यानंतरची घेतली आहे.